हेवर्ड घराण्याची चौकशी

शुक्रवार, ४ सप्टेंबर १९८१

कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कोरी होती. आज उघडली, कारण साहेबांनी मला एक शब्द दिला आहे आणि उद्या त्यांना तो आठवला नाही तर माझ्याकडे तारीख-वार हवा.

डायरी हरवली तर सापडणाऱ्याच्या माहितीसाठी: मी हिलरी लोपीस, भुईगाव, तालुका वसई. बहरीनला, मनाम्यात, एअरकंडिशनर विकणाऱ्या एका इंग्रज कंपनीत सहा वर्षं स्टेनो. इंग्रजी पत्रलेखनात माझा हात धरणारा या इमारतीत कुणी नाही. साहेब माझी पत्रं न वाचताच सही करतात, यावरून काय ते समजावं.

साहेब म्हणजे मिस्टर जेराल्ड हेवर्ड. वय चौपन्न, लग्न केलेलं नाही, बोलणं मोजकं. क्लबात नव्याने आलेल्या एका इंग्रजाने आपल्या घराण्याची ढाल भिंतीवर टांगली, तेव्हापासून त्यांचं जेवणात लक्ष नाही. त्यांनीही लंडनच्या एका दुकानातून टपालाने ढाल मागवली. तिच्यावर तलवार धरलेला सिंह आहे. आता सिंहाला साजेसा इतिहास हवा. हेवर्ड हे आडनाव कुठून आलं, घराणं किती जुनं, सगळं शोधून, टाइप करून, नाताळापर्यंत बाइंड करून द्यायचं. साहेबांच्या मते हेवर्ड म्हणजे किल्ल्याच्या तटाचे रक्षक, नऊशे वर्षांपूर्वी विल्यम राजाबरोबर समुद्र ओलांडून आलेले.

"पुस्तक पुरं कर, लोपीस," ते म्हणाले, "मग जानेवारीत तुझ्या फॅमिली स्टेटसचं बघतो."

फॅमिली स्टेटस म्हणजे कंपनीचा फ्लॅट आणि बायको-मुलांचा व्हिसा. मार्सेलिनाला आणि सेलिनला बघून बावीस महिने झाले. सेलिन सात वर्षांची आहे आणि इथे आल्यापासून मी तिच्याबरोबर सगळे मिळून पाच महिने राहिलो आहे. या पुस्तकासाठी मी विल्यम राजाला स्वतः होडीत बसवून आणायलाही तयार आहे.

बुधवार, ९ सप्टेंबर

लायब्ररीत इंग्रजी आडनावांचा एक जाडजूड कोश मिळाला. हेवर्ड काढलं, वाचलं, आणि कोश मिटून आजूबाजूला कुणी बघत नाही ना याची खात्री केली.

किल्ल्याचा रक्षक वगैरे काही नाही. हेवर्ड म्हणजे कुंपणाचा रक्षक. जुन्या काळी इंग्लंडात गावोगावी असा एक माणूस नेमलेला असे. पिकात गुरं घुसू नयेत म्हणून त्याने कुंपणं राखायची आणि मोकाट जनावर सापडलं तर ते कोंडवाड्यात घालायचं. विल्यम राजाचाही संबंध नाही. शब्द त्या राजाच्या आधीचा, अस्सल गावठी.

थोडक्यात, आमचे साहेब कोंडवाडेवाल्याचे वंशज. भुईगावात आमच्या लहानपणी कोंडवाड्याच्या शिपायाला लोक लग्नाला बोलवत, पण जेवताना त्याच्या शेजारी बसायला कुणी तयार नसे. माझ्या बाबांची म्हैस त्याने दोनदा नेली होती. बाबा मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत.

खोलीवर येऊन महमूदला सांगितलं. महमूद मुकादम रत्नागिरीचा, बाब अल बहरीनजवळ कापडाच्या दुकानात आहे. आम्ही पाच वर्षं एका खोलीत राहतो. मासे तो करतो, भात मी.

"त्यात लाज कसली?" तो म्हणाला. "मी मुकादम. आमच्या कुणा पणज्याने माणसं हाकली, तुझ्या सायबाच्या पणज्याने गुरं हाकली. काम एकच."

"पण साहेबांना सांगू कसं?"

"सांगूच नकोस. फ्लॅटची चावी हातात पडेपर्यंत सिंह बरा आहे."

मला मात्र खोटं टाइप करवत नाही. तोंडी एक वेळ चालेल. शिवाय कोश म्हणजे काही बायबल नव्हे. साहेबांच्या मूळ गावच्या विगाराला, म्हणजे तिथल्या मुख्य फादरला, लिहून बाप्तिस्म्याची वही बघायला सांगावी हे उत्तम. घराण्याची खरी माहिती विगाराकडेच असते.

सोमवार, १४ सप्टेंबर

विगाराला पत्र गेलं. अशा पत्रांची मला सवय आहे. बहिणीच्या वेळी, दोघी चुलत बहिणींच्या वेळी आणि मेहुण्याच्या वेळी त्या त्या गावच्या फादरांना मीच लिहिलं होतं आणि चारही संसार नीट चालले आहेत. विगार इंग्लंडचा झाला म्हणून त्याला वेगळं काय विचारणार? घराणं किती पिढ्यांचं, भावंडं किती, जमीन स्वतःची की कुळाने, गावात नाव कसं आहे, कुणाला दारूचं व्यसन, घरात कुणाला फेफरं किंवा वेड, कुणी पळून गेलं आहे का, आधी कुठे बोलणी होऊन मोडली आहेत का, रविवारी देवळात येतात का.

आपल्या बाजूचीही माहिती द्यावी लागते, नाहीतर समोरचा मोकळेपणाने लिहीत नाही. म्हणून शेवटी लिहिलं: मिस्टर जेराल्ड हेवर्ड, वय चौपन्न, अविवाहित, मोठा हुद्दा, प्रकृती उत्तम, स्वभाव शांत, दात स्वतःचे. कृपया लवकर कळवावे, नाताळापर्यंत सर्व उरकायचे आहे.

साहेबांनी नेहमीप्रमाणे सही केली.

शनिवार, २६ सप्टेंबर

मार्सेलिनाचं पत्र. कुणाची तरी म्हैस काट्यांची वई तोडून वाडीत शिरली आणि केळीची बारा रोपं खाल्ली. हिने स्वतः खांब रोवून तार मारली. विहिरीवर विजेचा पंपही बसवलाय म्हणे. मला न विचारता. मी मागच्या पत्रात सविस्तर लिहिलं होतं की कुंपणाचं काम माझा भाऊ फिलिप याच्याकडून करून घ्यावं, खांब साडेचार फुटांचे घ्यावेत आणि उत्तरेकडून सुरुवात करावी. त्यावर ही लिहिते: "उंटावरून शेळ्या हाकू नका. तिथे उंट असतील, पण शेळ्या इथे आहेत."

बिचारी एकटी पडली आहे, म्हणून चिडते. इथे आली की सगळं ठीक होईल.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

विगाराचं उत्तर आलं. टपाल मीच उघडतो.

पहिली गोष्ट, "मला व माझ्या पत्नीला अत्यंत आनंद झाला" अशी पत्राची सुरुवात आहे. विगाराची पत्नी. दोनदा वाचलं. मग आठवलं की ते प्रोटेस्टंट असतात.

दुसरी गोष्ट, साहेब लग्न करत आहेत. "या वयात जेराल्ड लग्नाचा विचार करतो आहे हे ऐकून साऱ्या गावाला बरं वाटलं," असं विगार लिहितो. त्याने ही बातमी रविवारी देवळात जाहीर केली आणि दोन बायकांनी डोळे पुसले. सहा वर्षं मी या माणसाचं पत्र न् पत्र टाइप करतो आणि ही गोष्ट मला सॉमरसेटच्या एका विगाराकडून कळावी, याचं फार वाईट वाटलं.

घराण्याची माहितीही दिली आहे. हेवर्ड लोक १६२२ पासून वहीत आहेत. सगळे गवळी. गावचा जुना कोंडवाडा अजूनही त्यांच्या शेताला लागून पडका उभा आहे. सिंहाचा उल्लेख नाही. साहेब १९४९ मध्ये घर सोडून गेले आणि बत्तीस वर्षांत त्यांचं एकही पत्र नाही. आई-वडील गेले. बहीण डोरोथी एकटीच गाई सांभाळते. भावाच्या लग्नाची बातमी विगाराने सांगितली तेव्हा ती दूध काढत होती, तिची बादली सांडली.

आमच्याजवळ साहेब नेहमी म्हणतात की वडील मोठे जमीनदार होते. बहीण आहे हे कधीच बोलले नाहीत.

बुधवार, ७ ऑक्टोबर

महमूदला म्हटलं, साहेबांनी लग्न करून इंग्लंडला जायचं ठरवलं तर माझ्या फॅमिली स्टेटसचं काय?

तो म्हणाला, "तू पाठवलेल्या पत्राची कार्बन कॉपी आण."

वाचता वाचता त्याने आधी चष्मा काढला, मग खाटेवर आडवा झाला. त्याला पाणी द्यावं लागलं.

"हिलरी," श्वास जागेवर आल्यावर तो म्हणाला, "तू सायबाचं स्थळ पाठवलंस रे."

"घराण्याची चौकशी आहे ती."

"पुस्तकासाठी विचारतोय असं कुठे लिहिलंयस दाखव."

मी पत्र वर-खाली पाहिलं. ते लिहायचं राहिलं होतं. बहिणीच्या वेळीही कारण लिहिलं नव्हतं, ते फादरांना न सांगता कळतं.

"आणि हे 'नाताळापर्यंत सर्व उरकायचे आहे'?" म्हणून महमूद परत आडवा झाला.

मला हसू आलं नाही. विगाराचं पत्र ड्रॉवरमध्ये खाली ठेवलं आणि खुलाशाचं पत्र पाठवलं. साहेबांना कळलं तर जानेवारीत फ्लॅट सोडा, मलाच विमानात बसवतील.

मंगळवार, २० ऑक्टोबर

तार. "शनिवारी पोचते. माझ्याशिवाय लग्न लावू नये. डोरोथी."

खुलासा पोचण्याआधीच बाई निघाली असणार. साहेब सोमवारपर्यंत कुवेतला आहेत. महमूद म्हणाला, "यल्ला, नवऱ्याकडची मंडळी आली." त्याच्याशी दोन तास बोललो नाही.

शनिवार, २४ ऑक्टोबर

मुहर्रक बेटावरच्या विमानतळावर गेलो. बाई लगेच ओळखू आल्या. या उकाड्यात लोकरी कोट, डोक्यावर हॅट, आणि पिशवीत घरच्या चीजचा एवढा मोठा गोळा की कस्टमवाल्याने नाकाला रुमाल लावला. वय साठीच्या आसपास. हात रुंद, लालसर, बोटांच्या चिरांत न निघणारी काळी रेघ. असे हात आधी कुठेतरी पाहिलेत असं वाटलं, पण टॅक्सी बघायच्या गडबडीत आठवायचं राहिलं.

"नवरी कुठे आहे?" हा पहिला प्रश्न.

पुलावर टॅक्सीत मी सगळं सांगून टाकलं. आडनाव, ढाल, विगार, बहिणीची लग्नं, सगळं. मनामा येईपर्यंत त्या खिडकीबाहेर समुद्राकडे बघत होत्या. मला वाटलं, रडतायत.

"म्हणजे नवरी नाहीच?"

"नाही मॅडम. चूक माझी."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आल्या आल्या तिच्याशी गोड बोलायचं ओझं होतं मला."

साहेबांच्या बंगल्यावर नेलं. हॉलमधली ढाल त्यांनी जवळ जाऊन पाहिली. "सिंह? आमच्याकडे एक बैल होता. तोही शेजाऱ्याचा." मग कोट काढून त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि जेराल्डला काही कळवू नका म्हणून मला बजावलं.

सोमवार, २६ ऑक्टोबर

साहेब विमानतळावरून थेट ऑफिसात आले. केबिनमध्ये बहीण बसलेली. दार बंद झालं. मी टाइप करायचं थांबलो, कारण मशीनचा फार आवाज होतो.

मग साहेबांचा आवाज चढला. जे कानावर आलं ते असं: १९४९ च्या जूनमध्ये एका रात्री शेताचं फाटक उघडं राहिलं. हेवर्डांच्या सगळ्या गाई शेजाऱ्याच्या उभ्या पिकात गेल्या आणि सकाळपर्यंत शेत साफ झालं. कुंपण राखणाऱ्यांच्याच घराने शेजाऱ्याचं शेत खाल्लं. वडिलांनी रविवारी देवळाबाहेर, गावादेखत, बावीस वर्षांच्या जेराल्डच्या थोबाडीत मारली. त्याच आठवड्यात त्याने घर सोडलं.

"मी फाटक लावलं होतं," साहेब म्हणत होते. "बत्तीस वर्षं मनाशी सांगतोय, मी लावलं होतं."

"लावलं होतंस," बहीण म्हणाली. "नंतर मी बाहेर गेले होते. परत येताना मी उघडं ठेवलं. तुला मारलं तेव्हा मी तिथे उभी होते आणि बोलले नाही. हे पत्रात लिहिता येत नव्हतं, म्हणून आले."

मी रुमाल काढून नाक पुसलं. एअरकंडिशनरने सर्दी होते.

तासाभराने साहेब बाहेर आले. डोळे लाल. म्हणाले, कार्बन कॉपी. उभ्या उभ्या सगळं वाचलं.

"दात स्वतःचे?"

"नाहीत का सर?"

"दोन नाहीत."

"दुरुस्ती पाठवू का?"

साहेबांनी कॉपीची घडी घालून खिशात ठेवली. "लोपीस, आजपासून प्रत्येक कागद मी वाचून सही करणार." दार लावून घेतलं. फॅमिली स्टेटसचं नाव नाही. माझं काम तमाम झालं म्हणायचं.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर

डोरोथीबाई आमच्या खोलीवर जेवायला आल्या. महमूदने सुरमईचं कालवण केलं होतं. आधी काट्याने प्रयत्न केला, मग आमच्याकडे बघून हाताने जेवल्या आणि दोनदा भात घेतला.

"तुमच्या आडनावाचा अर्थ काय?" त्यांनी मला विचारलं.

म्हटलं, आमचं आडनाव उसनं. चारशे वर्षांपूर्वी आमच्या कुणा पूर्वजाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा कुणा पोर्तुगीजाने ते दिलं, अशी घरची समजूत. त्याआधी आम्ही कोण होतो, हे कुणी लिहून ठेवलं नाही. आणि अर्ध्या गावाचं आडनाव लोपीसच, त्यामुळे गावात त्याचा काही उपयोग नाही. गावात आम्हाला बावीवरचे म्हणतात, घर विहिरीला लागून आहे म्हणून.

"मग इंग्लंडात तुम्ही ॲटवेल झाला असता," त्या म्हणाल्या. "आमच्या पलीकडच्या गल्लीत आहेत. विहिरीपाशी राहणारे."

महमूद तेव्हापासून मला मिस्टर ॲटवेल म्हणतो आहे.

मग मार्सेलिनाबद्दल विचारलं. मी सांगितलं, वाडी बघते आणि माझी वाट पाहते.

"वाट पाहते हे तिने सांगितलं?"

"त्यात सांगायचं काय, मॅडम?"

"जेराल्डलाही तसंच वाटायचं," बाई म्हणाल्या. "जाणाऱ्याला वाटतं, मागचं माणूस दारात उभं आहे. मला दारात उभं राहायला वेळ कुठे होता? गाई होत्या."

त्यांचा अनुभव त्यांच्यापुरता खरा असेल. पण त्यांना मार्सेलिना माहीत नाही.

सोमवार, ९ नोव्हेंबर

डोरोथीबाई परवा गेल्या. साहेब स्वतः पोचवायला गेले. ढाल त्यांनी उतरवून मला दिली, परत पाठव म्हणाले. दुकान परत घेत नाही, म्हणून ती महमूदने नेली. त्याच्या दुकानात तिच्यावर आता मलमलीचे तागे टेकवून ठेवतात.

पुस्तक अकरा पानांचं झालं. पहिलं वाक्य साहेबांनी स्वतः लिहून दिलं: "आमचं घराणं गावाची कुंपणं राखत असे." क्लबात त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं. ढालवाल्या इंग्रजाने विचारलं, म्हणजे गुराखी? साहेब म्हणाले, गुराख्यांवर नजर ठेवणारे.

पण माझ्याविषयी अजून शब्द नाही. महमूद म्हणतो, तुझ्या फॅमिली स्टेटसचा कागद इतर कागदांत घालून टाक, सही होऊन जाईल, खलास. साहेब वाचतो म्हणाले खरं, पण दोन आठवडे झाले. मोठी माणसं नवीन सवय एवढे दिवस पाळत नाहीत.

मंगळवार, १० नोव्हेंबर

पाळतात.

चार ओळींचा कागद होता. कंपनीस हरकत नाही, पत्नी मार्सेलिना व मुलगी सेलिन यांस येऊ द्यावे. कॉम्प्रेसरच्या ऑर्डरीखाली घातला होता. साहेबांनी आत बोलावलं. कागद त्यांच्या समोर, बाकी काही नाही. खोटं बोलावं असं मनात आलं, पण जमलं नाही. म्हटलं, सर, मीच घातला. सव्वाचौदा हजार पत्रं टाइप केली तुमची, त्यात ही एकच लबाडी.

"लबाडीचं मग बघू," ते म्हणाले. "अनोळखी विगाराला माझ्याबद्दल पानभर लिहिलंस आणि बायकोबद्दल चार ओळी? परत लिही. त्या कोण, काय करतात, इथे येऊन काय करणार. वाचल्यावर सही करीन."

मशीनवर बसलो. नाव, वय एकतीस. स्वभाव प्रेमळ. वाडी बघते. केळी किती, ते माहीत नव्हतं. पंप कुठला, तेही नाही. इथे येऊन काय करणार, यावर अर्धा तास गेला. शेवटी लिहिलं, घर सांभाळील. पान अर्ध्यावरच संपलं. साहेबांच्या दातांपर्यंत मला माहिती होती आणि इथे अर्ध्या पानात दम लागला. लाज वाटली.

साहेबांनी वाचलं. "त्यांना यायचं आहे ना?"

"अर्थातच सर."

सही केली.

शनिवार, १२ डिसेंबर

फ्लॅट मिळाला. व्हिसाचे कागदही झाले. दोन खोल्या, गॅलरीतून समुद्राची एक पट्टी दिसते. मार्सेलिनाला सात पानी पत्र टाकलं. विमानाची तारीख, बरोबर काय आणायचं, वाडी फिलिपला द्यायची, म्हैस विकायची, सेलिनची इथली शाळा, सगळं व्यवस्थित. वाचून ती आनंदाने रडेल.

मंगळवार, ५ जानेवारी १९८२

मार्सेलिनाचं उत्तर. जसंच्या तसं उतरवतो:

"तुम्ही बोलावलंत, बरं वाटलं. तारीख ठरवलीत, वाडी दिलीत, म्हैस विकलीत, पोरीची शाळाही ठरवलीत. पत्र दोनदा उलटं-सुलटं करून पाहिलं. तुला यायचं आहे का, असं कुठे सापडलं नाही. केळीचे घड आता कुठे धरले आहेत. फिलिपभावजींना वाडी दिली तर ती परत आपली होणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. राग नाही. पण मी इथे नुसती बसून राहिलेली नाही."

रात्री जेवलो नाही. महमूदला पत्र दाखवलं. वाटलं, हा आता हसणार. हसला नाही.

"विचारलं होतंस तिला?"

"त्यात विचारायचं काय?"

तो मासे परतत राहिला.

शुक्रवार, ८ जानेवारी

तीन दिवस मी रागात होतो. सहा वर्षं कुणासाठी काढली इथे, वगैरे. आज देवळातल्या मिसाहून परतताना विमानतळावर पाहिलेले ते लाल हात आठवले आणि ते कुणासारखे होते तेही आठवलं. गेल्या सुट्टीत मार्सेलिनाने मला पेज वाढली तेव्हा मी म्हटलं होतं, क्रीम लाव गो जरा हाताला.

दुपारी पत्र लिहायला बसलो. या वेळी एकही सूचना नाही, नुसते प्रश्न. केळी किती आहेत, पंप किती घोड्यांचा, विहिरीला मे महिन्यात पाणी राहतं का, तार मारताना हाताला लागलं का, सेलिन कुणाबरोबर खेळते, तिचे पुढचे दात आले का. मग खालचा प्रश्न लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला: तुला इथे यायचं आहे का?

शनिवार, ३० जानेवारी

उत्तर काल रात्री हातात पडलं. आठ पानं. सहा वर्षांत तिने मला कधी दोन पानांहून जास्त लिहिलं नव्हतं.

केळी सहाशे चाळीस. पंप तीन घोड्यांचा. हाताला लागलं होतं, चार टाके पडले, तुम्ही काळजी कराल म्हणून लिहिलं नाही. शेवटी लिहिते: "राहायला नाही येत. बघायला येते. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली की दोघी येतो, दीड महिना राहतो. पुढचं समोरासमोर ठरवू. तिकडे फार ऊन असतं म्हणून लिहू नका. आम्ही इथे काय सावलीत बसतो का?"

वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. साहेबांनी माझ्यासाठी फ्लॅट मिळवला आणि बायको पाहुणी म्हणून येणार. पण ही बाई कोण आहे ते मला या आठ पानांत बरंच कळलं, आणि ती मला आवडली.

पानाच्या तळाशी जागा उरली होती, तिथे सेलिनने पेन्सिलीने लिहिलं आहे: "पप्पा, तुम्ही आम्हाला खूप प्रश्न विचारले. आता मी एक विचारते. तुम्हाला परत घरी यायचं आहे का?"

मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

सकाळी सातला तिला उत्तर लिहायला बसलो आणि ऑफिसला साडेनऊला पोचलो. सहा वर्षांत पहिल्यांदा उशीर. साहेबांनी कारण विचारलं. म्हटलं, सातपासून मुलीच्या पत्राला उत्तर लिहीत होतो, सर.

"अडीच तास? केवढं लिहिलंस?"

"एकच शब्द, सर. 'हो'."